दोन दाणे टोकले, तर एक तरी उगवेल का?

जून उजाडला की नेवासा, राहुरी, श्रीरामपूरकडच्या कृषी सेवा केंद्रांत सोयाबीनच्या पिशव्यांची थप्पी लागते. पिशवीवरच्या लेबलात एक ओळ असते : किमान उगवणशक्ती ७० टक्के. ती वाचली की हिशेब सुरू होतो. "सत्तर टक्के म्हणजे तीस टक्के बी वायाच की! मग एका जागी दोन-दोन दाणे टोकू. सत्तर आणि सत्तर एकशेचाळीस. एक तरी उगवणारच!"

हेतू बरोबर आहे, बेरीज चुकीची आहे. शंभर टक्के म्हणजे पक्की खात्री. खात्रीच्या वर चाळीस टक्के कशाचे? आणि बेरीज चुकली असेल, तर खरा आकडा किती? मागच्या प्रकरणात आपण एका घटनेची संभाव्यता पाहिली : एक नाणं, एक फासा. या प्रकरणात दोन-तीन घटना एकत्र आल्या की काय होतं ते पाहू, आणि त्यासाठी बियाण्याची पिशवीच हाताशी ठेवू.

१. सत्तर टक्के कशाचे?

हा आकडा येतो कुठून? पोत्याच्या वेगवेगळ्या थरांतून मूठ-मूठ बी काढायचं, त्यातले न निवडता १०० दाणे मोजायचे, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळींत मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि ओल टिकवायची. चार-पाच दिवसांनी उलगडून चांगले कोंब मोजायचे. ७० निघाले तर उगवण ७० टक्के. घरचं सोयाबीन बियाणं म्हणून ठेवणाऱ्याने ही चाचणी करावीच, असं कृषी विभाग दर खरिपाला सांगतो. एकरी ३० किलो बियाणं हे प्रमाण ७० टक्के उगवण धरूनच आहे. चाचणीत ६० दाणेच उगवले, तर ३० ला ७० ने गुणून ६० ने भागायचं, म्हणजे एकरी ३५ किलो पेरायचं.

'न निवडता' हा शब्द इथे महत्त्वाचा. टपोरे दाणे वेचून चाचणी केली तर आकडा पोत्याचा राहत नाही, वेचणाऱ्याच्या हाताचा होतो. थोडं पाहून सगळ्याचा अंदाज बांधण्याची ही कला जुनी आहे. महाभारतातल्या नलाख्यानात ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडावरची पानं-फळं किती ते सांगतो. बाहुक नावाने त्याचा सारथी झालेल्या नळाला पटत नाही. तो रथ थांबवून मोजतो, तेव्हा आकडा बरोबर निघतो. हाच ऋतुपर्ण पुढे नळाला फाशांची विद्या देतो. अंदाज आणि फासे यांचं नातं आपल्या कथाकारांना ठाऊक होतं, हे मला फार गमतीचं वाटतं.

तर आपल्या दृष्टीने ७० टक्क्यांचा अर्थ इतकाच : पोत्यातून कुठलाही एक दाणा उचलला, तर तो उगवण्याची संभाव्यता १०० त ७०, म्हणजे ०.७. न उगवण्याची ०.३.

२. 'आणि' आला की गुणा

आता गादीवाफ्यावर टोकण करू. १०० जागा, प्रत्येक जागी दोन दाणे. एकाला उजवा म्हणू, दुसऱ्याला डावा. दोन्ही उगवले अशा जागा किती?

आधी फक्त उजव्या दाण्याकडे बघा. १०० पैकी साधारण ७० जागी तो उगवेल. उरलेल्या ३० जागा या हिशेबातून बाद, कारण आपल्याला दोन्ही हवे आहेत. आता या ७० जागांवरच्या डाव्या दाण्यांकडे वळा. त्यांतलेही शंभरात सत्तर या दरानेच उगवणार. सत्तरातले सत्तर टक्के किती? ४९.

म्हणून दोन्ही उगवण्याची संभाव्यता ०.७ × ०.७ = ०.४९. गुणाकार आला तो असा : आधी पूर्ण संख्येतला भाग घेतला, मग त्या भागातला भाग. भागाचा भाग मूळ भागाहून लहानच असणार. 'हेही आणि तेही' अशी मागणी केली की संभाव्यता घटते. उत्तर वाढलेलं दिसलं, तर कुठेतरी गुणाकाराऐवजी बेरीज झाली आहे असं खुशाल समजा.

आता उरलेल्या जागा. उजवा उगवला आणि डावा नाही : ७० − ४९ = २१. डावा उगवला आणि उजवा नाही : तेही २१. दोन्ही गेले : ३० जागांतले तीस टक्के, म्हणजे ९. बेरीज करून पाहा, ४९ + २१ + २१ + ९ = १००. सगळ्या जागांचा हिशेब लागला.

३. 'किंवा' आला की दोनदा मोजलेलं वजा करा

उजवा किंवा डावा, निदान एक उगवला अशा जागा ४९ + २१ + २१ = ९१. मग ७० आणि ७० मिळून १४० कसे झाले होते?

लग्नाच्या ताटांचा हिशेब आठवा. वधूकडची यादी ३०० पाहुण्यांची, वराकडची २००. आचाऱ्याला ५०० पानं सांगितली तर ४० पानं वाया जातात, कारण चाळीस पाहुणे दोन्हीकडचे नातलग म्हणून दोन्ही याद्यांत आहेत. जेवणार मात्र एकदाच. खरी पानं ३०० + २०० − ४० = ४६०.

दोन्ही दाणे उगवलेल्या ४९ जागा अशाच दोन्ही याद्यांत आहेत. ७० + ७० मध्ये त्या दोनदा मोजल्या गेल्या. एकदा वजा केल्या की १४० − ४९ = ९१. दुकानातली बेरीज अर्धवट होती, एवढंच. वजाबाकी करायची राहून गेली होती.

दोन घटना एकाच वेळी घडूच शकत नसतील, तर वजा करायला काही नसतं. फाशावर एकाच टाकीत २ आणि ५ येऊ शकत नाहीत, म्हणून २ किंवा ५ पडण्याची संभाव्यता सरळ १/६ + १/६ = १/३.

४. 'एक तरी' आला की उलटं मोजा

दोन दाण्यांपुरती वजाबाकी सोपी आहे. तीन दाणे टोकले, तर पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, पहिला-तिसरा आणि तिन्ही मिळून, असे दोनदा-तीनदा मोजलेले ढीग सांभाळावे लागतात. त्यापेक्षा एक पळवाट आहे. 'एक तरी उगवला' याच्या नेमकं उलट काय? 'एकही उगवला नाही'. तेवढंच काढायचं आणि १ मधून वजा करायचं.

दोन दाणे : १ − (०.३ × ०.३) = १ − ०.०९ = ०.९१.
तीन दाणे : १ − (०.३ × ०.३ × ०.३) = १ − ०.०२७ = ०.९७३.
चार दाणे : १ − ०.००८१ = ०.९९१९.

पहिल्या दाण्याने ७० टक्के दिले. दुसऱ्याने त्यात २१ ची भर घातली, तिसऱ्याने सहाच्या आसपास, चौथ्याने दोनसुद्धा नाही. बियाण्याचा खर्च मात्र प्रत्येक दाण्याला सारखाच, आणि दाटी झाली की विरळणीची मजुरी वेगळी. टोकणीत माणसं दोन-तीन दाण्यांवर थांबतात ती काही उगीच नाही. राहिलेल्या नऊ टक्के मोकळ्या जागी नांग्या भरता येतात.

दुकानातली ती बेरीज करणारे फार मोठ्या पंगतीतले आहेत. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शेवालिए द मेरे नावाचा जुगाराचा शौकीन होता. एक फासा चार वेळा टाकून एक तरी ६ पडेल, अशी पैज घेणं फायद्याचं असतं हे त्याला माहीत होतं. मग हिशेब असा : एका फाशाला ६ शक्यता, टाकी ४. दोन फाशांना ३६ शक्यता, मग २४ वेळा टाकून एकदा तरी सहा-सहा पडेल ही पैजही तितकीच चांगली असली पाहिजे, कारण ४/६ आणि २४/३६ सारखेच. प्रत्यक्षात ही दुसरी पैज तोट्याची. हा प्रश्न ब्लेझ पास्कलपर्यंत पोहोचला आणि १६५४ मध्ये पास्कल व पिएर द फर्मा यांच्यात जो पत्रव्यवहार झाला, तिथून संभाव्यतेच्या गणिताची सुरुवात मानतात.

आपल्या पळवाटेने पैज तपासू. चार टाकींत एकही ६ नाही : ५/६ चार वेळा गुणा, ६२५/१२९६, म्हणजे ०.४८२. म्हणून एक तरी ६ पडण्याची संभाव्यता ०.५१८, अर्ध्याहून किंचित जास्त. चोवीस टाकींत एकदाही सहा-सहा नाही : ३५/३६ चोवीस वेळा गुणल्यावर ०.५०९. म्हणून एकदा तरी पडण्याची ०.४९१, अर्ध्याहून किंचित कमी. बेरजेचा नियम दोन्हीकडे दोन-तृतीयांश सांगत होता.

५. 'तर' : गाय गाभण राहिली तर…

आतापर्यंत दोन्ही दाण्यांचा दर एकच होता. नेवासा-राहुरीच्या या जिल्ह्यातल्या गोठ्यांत मात्र वेगळा हिशेब चालतो. दूधधंद्यात कालवड हवी असते, गोऱ्ह्याला गिऱ्हाईक नाही. म्हणून हल्ली लिंगनिवड केलेल्या वीर्याच्या कांड्या मिळतात आणि त्यांतून सुमारे ९० टक्के कालवडी होतात असं सांगतात. ऐकणाऱ्याला वाटतं, गाय भरवली की दहांत नऊ वेळा कालवड. तसं नाही. हे ९० टक्के गाय गाभण राहिली *तर* लागू होतात.

समजा, एका भरवणीत गाय गाभण राहण्याची संभाव्यता ०.४ आहे. १०० गाई भरवल्या, ४० राहिल्या. या चाळिसांतल्या ९० टक्क्यांना कालवडी : ३६. म्हणजे एका कांडीमागे कालवडीची संभाव्यता ०.३६. साध्या कांडीने ४० तल्या निम्म्या, म्हणजे ०.२०. महाग कांडी घ्यावी की नाही, याचा विचार ९० विरुद्ध ५० असा करायचा नसतो. तो ३६ विरुद्ध २० असा करायचा. प्रत्यक्षात अशा कांडीने गाभण राहण्याचं प्रमाण साध्या कांडीपेक्षा काहीसं कमी असतं, म्हणून फरक आणखी थोडा आटतो.

गुणाकार तोच आहे, फक्त दुसरी संख्या घेताना पहिली घटना घडून गेलेली आहे असं धरायचं. हे 'तर' ज्याला दिसलं, त्याला जाहिरातीतला अर्धा आकडा कळला.

तीन वेळा भरवून गाय एकदा तरी गाभण राहील का? पळवाट : १ − (०.६ × ०.६ × ०.६) = १ − ०.२१६ = ०.७८४. पण पशुवैद्यकाला हे उत्तर दाखवलं तर तो मान हलवेल. गाय दोनदा उलटली, तर तिच्या गर्भाशयात काही दोष असण्याची शंका वाढते, आणि तिसऱ्या वेळी ०.४ हा आकडा तिला लागू राहीलच असं नाही. आधीच्या निकालाने पुढच्या निकालाबद्दल काहीतरी सांगितलं आहे. इथून खरा पेच सुरू होतो.

६. गुणण्याआधी सोयरीक तपासा

दाण्यांचा गुणाकार करताना आपण एक गोष्ट गृहीत धरली होती : उजव्या दाण्याचं काय झालं याचा डाव्यावर काही परिणाम नाही आणि दोघांवर मिळून कुणाचा परिणाम नाही. अशा घटनांना गणितात स्वतंत्र घटना म्हणतात. नाणं आणि फासा स्वतंत्र असतात. शेतातल्या गोष्टी क्वचितच असतात.

भंडारदरा आणि मुळा ही जिल्ह्यातली दोन मोठी धरणं घ्या. भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं, क्षमता सुमारे ११ टीएमसी. राहुरी तालुक्यातलं मुळा धरण २६ टीएमसीचं. समजा, दोन्ही धरणं दहांतली आठ वर्षं भरतात. गुणाकाराने दोन्ही भरण्याची संभाव्यता ०.६४ आणि एकही न भरण्याची ०.२ × ०.२ = ०.०४, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा. हे ऐकून लाभक्षेत्रातला माणूस निश्चिंत झाला, तर फसेल. प्रवरा रतनगडाकडची, मुळा हरिश्चंद्रगडाकडची. दोन्हींना अकोले तालुक्यातल्या सह्याद्रीतून, एकाच मोसमी वाऱ्याचं पाणी मिळतं. ज्या वर्षी एकीकडे पाऊस रुसतो, त्या वर्षी दुसरीकडेही तो रुसलेला असण्याची शक्यता दाट. 'एकही न भरणं' ०.०४ ऐवजी ०.१५ असेल, तर दोन्ही भरण्याची संभाव्यता वजाबाकीच्या नियमाने ०.८ + ०.८ − ०.८५ = ०.७५ होते. चांगली वर्षंही जोडीने येतात, वाईटही जोडीनेच.

सोयाबीनचंही तेच. २०१९ मध्ये ऐन काढणीत पाऊस झाला, बियाण्याचं पीक भिजलं आणि २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नसल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. एकाच पावसात भिजलेल्या पोत्यातले दोन दाणे टोकले, तरी त्यांचं नशीब एकच असतं.

आकड्यांत पाहू. समजा, पेरणीनंतर दहांतल्या आठ वर्षी ओल टिकते आणि दाण्याला ७० टक्के संधी मिळते. दोन वर्षी पाऊस ओढ देतो, जमिनीला पापडी धरते आणि ही संधी १० टक्क्यांवर येते. एका दाण्याची एकूण संभाव्यता : (०.८ × ०.७) + (०.२ × ०.१) = ०.५६ + ०.०२ = ०.५८.

आता सरधोपट माणूस म्हणेल, ठीक आहे, तीन दाणे टोकतो. न उगवण्याची संभाव्यता ०.४२, तिचा तीनदा गुणाकार ०.०७४, म्हणून एक तरी उगवण्याची ०.९२६. पण ओल टिकली की नाही, हे तिन्ही दाण्यांना सामाईक आहे. त्यामुळे आधी वर्ष वेगळं करायचं आणि गुणाकार त्याच्या आत करायचा.

चांगल्या वर्षी तीन दाण्यांत एक तरी : ०.९७३. वाईट वर्षी : १ − (०.९ × ०.९ × ०.९) = ०.२७१. एकत्र : (०.८ × ०.९७३) + (०.२ × ०.२७१) = ०.७७८ + ०.०५४, म्हणजे सुमारे ०.८३.

०.९२६ आणि ०.८३. मोकळ्या जागा शंभरात सात वाटत होत्या, त्या निघाल्या सतरा. आणि त्याही दरवर्षी सतरा नाहीत : आठ वर्षं तीनच्या आत, दोन वर्षं त्र्याहत्तर. दुबार पेरणी म्हणतात ती हीच. चौथा, पाचवा दाणा टोकून पावसाचं काही वाकडं होत नाही.

७. सलग हरलेली नाणेफेक

उलटी चूकही होते. स्वतंत्र घटनांत माणसं ओढूनताणून नातं शोधतात. २०२३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून भारत एकदिवसीय सामन्यांत सलग २० नाणेफेकी हरला. आधीच ठरवून दिलेल्या २० नाणेफेकी ओळीने हरण्याची संभाव्यता १/२ वीस वेळा गुणून येते : १०,४८,५७६ त एक. पण एकविसाव्या वेळी 'आता तरी जिंकणारच' म्हणायला आधार नाही. नाण्याला मागचं आठवत नाही. तिथे पुन्हा निम्मी-निम्मीच.

पावसाला आठवतं का? 'दोन वर्षं कोरडी गेली, आता तिसरं चांगलं' हे पारावर नेहमी ऐकू येतं. २०१४ चा पाऊस दगा देऊन गेला, तेव्हाही ते म्हटलं गेलंच असेल. २०१५ नेही दगा दिला. मागची तूट भरून काढण्याची जबाबदारी पुढच्या वर्षावर कुणी टाकलेली नाही. हिवरे बाजार या गावाने यावर वेगळी वाट काढली : पाऊस आधी मोजायचा, मग पाण्याचा ताळेबंद मांडून रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं. म्हणजे पाचव्या भागातला 'तर' त्यांनी गावाच्या कामकाजात आणला.

८. बाजरीच्या ओळीत तूर

दाणे वाढवून जे साधत नाही, ते दाणे बदलून काही प्रमाणात साधतं. कर्जत, जामखेड, पाथर्डीकडच्या कोरडवाहू रानात बाजरीच्या दोन ओळींनंतर तुरीची एक ओळ असते. बाजरी तीन महिन्यांत निघते, तिची मुळं उथळ. तूर पुढे थंडीपर्यंत उभी राहते आणि तिची मुळं खोल जातात. ऑगस्टमधल्या खंडाने बाजरी बसते, पण सप्टेंबरच्या पावसावर तूर सावरू शकते. दोघींची सोयरीक तुटत नाही, सैल होते.

समजा, बाजरी दहांतली तीन वर्षं हातची जाते आणि तूर चार वर्षं. दोघी पूर्ण स्वतंत्र असत्या, तर दोन्ही जाण्याची संभाव्यता ०.३ × ०.४ = ०.१२. दोघींचं नशीब अगदी एक असतं, तर बाजरी गेली की तूर गेलीच, म्हणजे ०.३. खरा आकडा बहुधा या दोहोंच्या मधे. तो पुस्तकात मिळणार नाही, गावागणिक बदलेल. ज्याने वही ठेवली आहे, त्याने गेल्या वीस वर्षांची पानं उलटावीत आणि दोन्ही पिकं एकाच वर्षी गेली अशा वर्षांवर खूण करावी. दोन-तीनच खुणा निघाल्या, तर तुरीची ओळ आपलं काम चोख करते आहे. सहा निघाल्या, तर त्या रानात ती बाजरीसारखीच वागते आहे आणि जोडीला दुसरं पीक शोधायला हवं.